मोठेबाबांची गिटार आणि तिच्या दांडीतली पट्टी



खाणीच्या गावचे जुने लोक लिहायला बसले की लेव्हल, शिफ्ट, भोंगा, बोनस आणि कोणाची बदली कुठं झाली यावर गाडी येऊन थांबते. गाण्याबजावण्याचं फारसं कोणी लिहीत नाही. म्हणून आज आमच्या भरवेलीतल्या एका गिटारीबद्दल लिहितो. मी स्वतः वाजवणारा नाही. वर्कशॉपचा फिटर, आता निवृत्त. त्यामुळे यात सूर कमी आणि कानस-पाना जास्त येईल, सांभाळून घ्या. पोस्ट लांब आहे, दुपारी निवांत वाचा.

ज्यांना गाव माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. भरवेली म्हणजे बालाघाट शहराजवळचं मँगनीजचं गाव. इथली खाण आशियातल्या सर्वांत खोल भूमिगत मँगनीज खाणींमध्ये मोजली जाते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रज कंपनीनं काम सुरू केलं. ही कंपनी १८९६ साली प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट म्हणून उभी राहिली, पुढे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनी झाली. आपल्या आजोबांच्या तोंडी ती 'सीपीएमओ'. १९६२ मध्ये मॉइल आली तेव्हा ४९ टक्के हिस्सा इंग्रज कंपनीकडे आणि ५१ टक्के केंद्र सरकार, महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्यात होता. १९७७ मध्ये तो ४९ टक्केही सरकारनं घेतला. त्याच वर्षी मी अप्रेंटिस लागलो.

आमचे आजोबा भंडाऱ्याकडून इथं आले तेव्हा त्यांनी कुठलीच हद्द ओलांडली नव्हती. भंडारा, बालाघाट, नागपूर सगळं एकाच प्रांतात, राजधानी नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यं नव्यानं आखली, मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिलं. मी त्याच वर्षीचा. घरचे लोक जागचे हलले नाहीत, राजधानी मात्र नागपूरहून भोपाळला गेली. मग शाळा हिंदीत, घरात मराठी, बाजारात पोवारी, सोयरीक गोंदिया-तुमसरकडे, असं आमचं चालू राहिलं. करमणुकीला कॅम्पातला गणपती, भजनी मंडळ आणि रेडिओ.

आता गिटारीकडे येतो. ती आणली आमच्या मोठेबाबांनी, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावानं. ते खाणीच्या टाइम ऑफिसात होते. १९६९ साली कोणाच्या तरी लग्नाच्या वऱ्हाडाबरोबर कलकत्त्याला गेले आणि येताना चादरीत गुंडाळलेली गिटार घेऊन आले. हावड्याची गाडी गोंदियापर्यंत, तिथून बालाघाटची नॅरोगेज. त्या डब्यात माणसाला पाय ठेवायला जागा नसे, तिथं हे धूड मांडीवर धरून बसले होते म्हणतात. आजी म्हणाली, एवढ्या पैशात दुभती म्हैस आली असती. कोणत्या कंपनीची होती ते मुद्दाम लिहीत नाही. त्या काळी परदेशी वाद्यांवर आयातीचे निर्बंध होते. मोठ्या शहरातल्या मोजक्या लोकांना सोडलं तर बाकी देशाची गिटारीची हौस मुख्यतः कलकत्त्याच्या कारखान्यांनी भागवली.

आणि ती गिटार मोठेबाबा आजच्या पोरांसारखी छातीशी धरून वाजवत नसत. खुर्चीवर बसायचं, गिटार मांडीवर आडवी झोपवायची, डाव्या हातात पोलादी कांडी, उजव्या हाताच्या बोटांत नख्या. कांडी तारांवरून घसरवली की सूर माणसाच्या गळ्यासारखा ओढत जायचा. हिला हवाइयन गिटार म्हणत. ही तऱ्हा खरोखर हवाई बेटांवरची. जोसेफ केकुकू नावाच्या तिथल्या मुलाला तिचं श्रेय देतात. १९१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला मोठं जागतिक प्रदर्शन भरलं, तिथून अमेरिकेत हवाइयन संगीताची लाट आली, आणि तबकड्यांवरून ती जगभर पसरली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ताऊ मो नावाचे हवाइयन वादक कुटुंबासह कलकत्त्यात मुक्कामाला होते. बंगाल्यांनी हे वाद्य उचललं ते असं, की रवींद्रसंगीतापासून सिनेमाच्या गाण्यापर्यंत सगळं त्यावर वाजू लागलं. व्हॅन शिप्ले, सुनील गांगुली यांच्या तबकड्या आपल्यापैकी कित्येकांनी ऐकल्या असतील. ब्रिजभूषण काब्रांनी तर तिच्यावर राग वाजवले. १९६७ ची 'कॉल ऑफ द व्हॅली' ज्यांच्याकडे आहे त्यांनी संतूर-बासरीच्या मधली गिटार नीट ऐकावी, तीही याच घराण्यातली.

आपल्या लोकांना ती इतकी का आवडली, याचं माझं उत्तर साधं आहे. तिच्यात मींड होती. पेटीत जे निघत नाही ते तिच्यात निघत होतं. मोठेबाबा गणपतीत अभंग वाजवायचे तेव्हा भजनी मंडळातले म्हातारे मान डोलवायचे. वाद्य विलायती की देशी, हा प्रश्न कोणाला पडला नाही.

हवाइयन पद्धतीत तारा दांडीपासून बऱ्याच उंच ठेवाव्या लागतात, नाहीतर कांडी पडद्यांवर खडखडते. त्यासाठी डोक्याकडच्या खाचांच्या पट्टीवर एक जाड टोपण बसवतात आणि तारा त्यावरून नेतात. मोठेबाबांचं टोपण पितळेचं होतं आणि कांडी पोलादाची. दोन्ही आमच्या वडिलांनी वर्कशॉपच्या भंगारातून लेथवर काढून दिलेली. १७ सप्टेंबरला विश्वकर्मा पूजेच्या दिवशी वर्कशॉपात मशिनींना हार घातले की मोठेबाबांची गिटार वाजायची, तेव्हा बाबा लोकांना कांडी दाखवत फिरायचे. वाजवणाऱ्याइतकाच मान त्यांना हवा असायचा.

एवढं सविस्तर सांगण्याचं कारण हे, की तारा एक सेंटिमीटर उंच असल्या तर खालची दांडी सरळ आहे की वाकलीय, हे कोणाला कळत नाही आणि कळायची गरजही नसते. पडदे नुसते खुणेपुरते. दांडी म्हणजे ज्याला आजकाल नेक म्हणतात तो भाग. सतार-तंबोऱ्याला आपण दांडीच म्हणतो, म्हणून मीही तेच लिहितो.

मग १९७३ मध्ये 'यादों की बारात' आला. कॅम्पातल्या पोट्ट्यांना एकदम उभी गिटार पाहिजे झाली, गळ्यात पट्टा अडकवून, बोटांनी पडदे दाबत वाजवायची. तिला तेव्हा स्पॅनिश म्हणायचे. पोरं मोठेबाबांच्या मागं लागली. त्यांनी एकदा टोपण काढून पाहिलं. तारा खाली आल्या, पण पाचव्या पडद्यापुढे दाबायला अंगठ्याचं बळ लागायचं, आणि दाबली तरी सूर चढाच यायचा. दोन दिवस बोटं सोलून घेतली आणि टोपण परत बसवलं. "माझी गिटार बसूनच बरी," म्हणाले. आमच्याकडे सगळ्यांनी समजून घेतलं की मोठेबाबांना स्पॅनिश जमत नाही. ते चांगले वाजवणारे होते, आणि पुढची तीस वर्षं ही गोष्ट घरात चेष्टेनं सांगितली गेली. हे मला आता सलतं.

२००४ मध्ये मोठेबाबा गेले. गिटार मोठ्या आईनं त्यांच्या धोतरात गुंडाळून कपाटावर ठेवली, तारा ताणलेल्याच. मधे एकदा चुलत भाऊ ती दुरुस्तीला एका शहरात घेऊन गेला. दुकानदारानं डोक्यावरच्या छोट्या काळ्या झाकणाकडे बोट दाखवून सांगितलं, हिच्या आत ट्रस रॉड आहे, ढिला झालाय, कसून देतो. पैसे घेतले, गिटार दिली. फरक काही पडला नाही. भाऊ म्हणाला, आता भिंतीवर टांगू आणि आत दिवा लावू, छान दिसेल. मोठी आई त्याच्याशी दोन दिवस बोलली नाही.

गेल्या वर्षी मे महिन्यात माझी नात पुण्याहून आली. ती गिटार शिकते आहे. कपाटावरची गिटार पाहून तिनं हट्ट धरला, आणि दहा मिनिटांत बोटं चोळत बाहेर आली. "आबा, ही वाजूच शकत नाही, हिची नेक बघा केवढी वाकलीय." मी दांडी डोळ्यासमोर धरून बंदुकीच्या नळीसारखी पाहिली. होडी झाली होती.

कामाला हात घालण्याआधी हा रॉड काय प्रकार आहे ते सांगतो, कारण इतिहासही त्यातच आहे. गिटारीच्या सहा पोलादी तारा सुरात लावल्या की मिळून साधारण ७० ते ७५ किलोंचा ताण देतात. एक धडधाकट माणूस दांडीच्या टोकाला चोवीस तास लटकलाय असं समजा. जुन्या गिटारींना आतड्याच्या तारा असत, त्यांचा ताण याच्या जवळपास निम्मा, तेव्हा नुसतं लाकूड पुरत होतं. पोलादी तारा आल्या तशा दांड्या वाकू लागल्या. अमेरिकेत गिब्सन कंपनीत थॅडियस मॅकह्यू नावाचा माणूस होता. त्यानं दांडीच्या आत, पट्टीखाली, पोलादी गज घालून एका टोकाला नट ठेवायची युक्ती काढली. १९२१ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, १९२३ मध्ये ते मिळालं. नट कसला की गज ताणला जातो आणि दांडीला तारांच्या उलट दिशेनं मागे ओढतो. सगळ्यांना ती युक्ती लगेच पटली असंही नाही. मार्टिन ही गिटारींची तिकडची फार जुनी कंपनी, तिनं कित्येक दशकं न फिरणारी पोलादी पट्टी किंवा नळीच वापरली आणि कसता येणारा रॉड १९८५ मध्ये घेतला.

खाणीतल्या माणसाला हे समजायला वेळ लागत नाही. आपण छताला भोक पाडून रॉक बोल्ट घालतो, आतलं टोक घट्ट धरवतो, बाहेर प्लेट आणि नट. वरचा दगड काही बोल्टवर लटकलेला नसतो, बोल्ट थरांना एकमेकांवर आवळून धरतो आणि मग दगड स्वतःच स्वतःला पेलतो. गिटारीत लाकूड आहे एवढाच फरक. आणि मँगनीजचा संबंध म्हणाल तर तोही आहे. पोलादातला गंधक मँगनीज बांधून टाकतं, नाहीतर तापल्यावर पोलाद तडकतं. गिटारीच्या तारेच्या पोलादात मँगनीज एका टक्क्याहूनही कमी असतं, पण असतंच. मी नातीला म्हटलं, तुझ्या तारेत आमचं गाव आहे. तिला काही विशेष वाटलं नाही.

तर तपासणी. तारा उतरवल्या आणि पोलादी पट्टी दांडीवर उभी ठेवली. सातव्या पडद्याशी फट किती, हे मोजायला फीलर गेज, इंजिनाचे टॅपेट लावायला वापरतो तेच. चांगल्या दांडीत तारा चढवलेल्या असताना पाव मिलिमीटरच्या आसपास फट हवी, तार कंप पावते तिला तेवढी जागा लागते. इथं तारा उतरवूनही १.८ मिलिमीटर. म्हणजे लाकडानं कायमचा बाक घेतलेला.

मग ते काळं झाकण उघडलं. दोन बारीक स्क्रू, आणि खाली अखंड लाकूड. नट नाही, भोक नाही, काही नाही. पोटाच्या भोकातून आरसा आणि टॉर्च घालून दुसरं टोक पाहिलं, तिथंही नाही. त्या दुकानदारानं काय कसलं असेल ते देव जाणे. जुन्या स्पीकरचं चुंबक घेऊन पट्टीवरून फिरवलं. पडदे पितळी जातीचे, ते दाद देत नाहीत. पण मधोमध चुंबक लांबभर ओढ घेत होतं. आत पोलाद होतं, फक्त कसता येईल असं नव्हतं.

आता पुढचा रस्ता एकच होता, वरची पट्टी उचकटून दांडी उघडायची. एकदा का पट्टी चिरली किंवा दांडी फाटली की गिटार खरोखर दिवा लावायच्या लायकीची. मोठ्या आईला विचारल्याशिवाय हात लावणं शक्य नव्हतं. तिचं वय सत्त्याऐंशी.

"काहून उघडाव लागते? त्यायनं तर कधी उघडली नाही."

म्हटलं, मोठी आई, वाकली आहे, सरळ करायची.

"त्यायच्या हातानं लागलेल्या तारा होत्या त्या. काढल्या का तू?"

काढल्या होत्या. तपासायला काढाव्याच लागतात. तिला ते सांगितलं तेव्हा ती बराच वेळ खिडकीकडे पाहत बसली. मग म्हणाली, "तारा फेकू नको, मले दे. आन् पितळेचं हरवू नको." मी ती परवानगी समजलो. तारा गंजून लाल झाल्या होत्या, वेटोळं करून तिच्या पेटीत ठेवल्या.

पट्टी काढायला घरची इस्त्री वापरली. पट्टीवर ओलसर फडकं, वर इस्त्री, चार-पाच मिनिटं. डिंक मऊ झाला की कडेनं पातळ सुरी सरकवायची. जोर लावायचा नाही, तापवायचं आणि थांबायचं, तापवायचं आणि थांबायचं. मी त्यासाठी घरातलं पातळ उलथणं घासून धारेला आणलं होतं, बायको अजून त्याबद्दल बोलते. आतला चिकटवा सरस होता, जनावराच्या कातडी-हाडांचा जुना सरस, हे आमचं नशीब. तो उष्णतेला आणि ओलीला सुटतो. सकाळी आठला लागलो, पट्टी हातात आली तेव्हा दुपारचे अडीच.

आत ३ मिलिमीटर जाड, १२ मिलिमीटर रुंद साधी लोखंडी पट्टी. आडवी झोपवलेली. शेजारी लाकडावर पेन्सिलीनं बंगाली आकडे, बहुधा माप. ते मी पुसले नाहीत.

फिटर-वेल्डर मंडळींना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो. फुटपट्टी आडवी धरून वाकवा, लगेच वाकते. उभी धरून वाकवा, वाकत नाही. हीच पट्टी उभी घातली असती तर सोळापट ताठ राहिली असती. मग कारागिराला हे माहीत नव्हतं का? मला तसं वाटत नाही. आडव्या पट्टीला ३ मिलिमीटरची उथळ खाच पुरते, उभ्या पट्टीला १२ मिलिमीटर खोल जावं लागतं, आणि एवढ्या बारीक दांडीत ते जोखमीचं आणि वेळखाऊ काम. शिवाय घेणारे बरेचसे मांडीवर ठेवून वाजवणारे. त्यांना दांडी थोडी वाकली तर काय फरक पडतो? डोक्यावरचं झाकण मात्र विलायती गिटारीला असतं म्हणून लावलेलं. मी याला फसवणूक म्हणणार नाही. त्या किमतीत त्या गिऱ्हाइकाला जे लागत होतं ते त्यानं दिलं. गाणं बदललं, गिटार आडवीची उभी झाली, आणि झाकणाखालची रिकामी जागा उघडी पडली. मोठेबाबांना जमलं नव्हतं असं नाही. त्या दांडीवर कोणालाच जमलं नसतं.

तो आकडा आणि ती पट्टी मी मोठ्या आईला आणून दाखवली. तिला त्यातलं यंत्रशास्त्र कळलं नसेल, पण एवढं बरोबर कळलं की पोरांनी उगाच चेष्टा केली होती. "सांग त्याले," म्हणाली. म्हणजे चुलत भावाला. मी त्याच संध्याकाळी फोन लावून सांगितलं.

दुरुस्ती अशी. आधी दांडी शिकंज्यात किंचित उलट दिशेनं बाक देऊन आवळली, तापवली आणि दोन दिवस तशीच ठेवली. मे महिन्याचं बालाघाट, अंगणातलं ऊन फुकटचं. बाक बराचसा गेला. जुनी रुंद खाच सागाच्या पट्टीनं भरून घेतली, कारण नवा रॉड अरुंद, ६ मिलिमीटरचा. तो दोन्ही बाजूंना काम करणारा मागवला, दांडी पुढे वाकली तरी आणि मागे गेली तरी सावरता येते. नवी खाच ९ मिलिमीटर खोल. पहिल्या पडद्याशी दांडी पट्टी धरून २१ मिलिमीटर, त्यातली पट्टी ६, म्हणजे खाचेखाली उरतं ते फक्त ६ मिलिमीटर लाकूड. तेवढ्यावर सगळी गिटार. राउटर मिळत होता, तरी मी पटाशीनं हातानंच केलं. मशीन चुकलं की थांबायला वेळ देत नाही.

रॉडचा नट डोक्याकडे ठेवायचा की पोटाकडे, यावर नातीशी वाद झाला. तिचं म्हणणं, डोक्याकडे ठेवा, म्हणजे झाकणाखाली एकदाचं काहीतरी येईल. पण डोकं आणि दांडी जुळतात ती जागा सगळ्यांत कमजोर, तिथं आणखी कोरायचं मला पटेना. नट पोटाकडे ठेवला, भोकातून लांब अॅलन की घालून फिरवता येतो. झाकण आहे तसंच परत लावलं. आत अजूनही काही नाही.

चिकटवायला मी सरसच वापरला. रात्रभर भिजवायचा, पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून गरम करायचा, साठ अंशांच्या फार वर न्यायचा नाही, उकळला की मेला. दुकानातला पांढरा डिंक सोपा पडला असता. पण उद्या पन्नास वर्षांनी कोणाला ही दांडी उघडावी लागली तर त्यालाही इस्त्रीनं उघडता यावी. सरस लवकर थंडावतो, म्हणून लाकूड उन्हात तापवून घेतलं, पट्टी सरकू नये म्हणून दोन बारीक खिळे मार्गदर्शक ठेवले, आणि आठ सी-क्लॅम्प नि सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळून चोवीस तास सोडली. नंतर पडदे कानसीनं एका पातळीत आणले, तीन नवे घातले.

पट्टीचं लाकूड वरून आबनूस दिसायचं, घासल्यावर कळलं की काळा रंग दिलेला आहे. इथं एक गंमत सांगतो. १९६९-७० च्या सुमारास, म्हणजे मोठेबाबांनी ही गिटार घेतली त्याच सुमारास, मार्टिन कंपनीनं ब्राझीलची शिसवी सोडून आपल्या दक्षिणेतल्या जंगलांची शिसवी वापरायला सुरुवात केली. आपलं उत्तम लाकूड तिकडच्या गिटारींना, आणि आपल्या गिटारीला रंगवलेलं. यावर कोणाला रागवायचं ते मला ठरवता आलं नाही.

हे सगळं करताना मिरजेची आठवण येत होती. भजनी मंडळाचा तंबोरा तिकडचाच. मिरजेचे तंतुवाद्य कारागीर मूळचे शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात हत्यारांचं काम आटलं तेव्हा फरीदसाहेब शिकलगार यांच्यासारख्यांनी सतार-तंबोऱ्याकडे हात वळवला. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तंबोऱ्याच्या दांडीत कुठलाही गज नसतो. तिथं लाकूड निवडण्यात आणि मुरवण्यातच सगळं आलं. तिथल्या जुन्या कारागिराला माझा रॉड दाखवला तर तो हसेल, असं मला वाटतं.

नव्या तारा चढवल्या. पहिला दिवस निम्म्या ताणावर, दुसऱ्या दिवशी पूर्ण. फीलर गेज घातला, अर्धा मिलिमीटर. पाव फेरा कसला, रात्रभर सोडली, सकाळी ०.३. तिथं थांबलो. तुमच्या घरी जुनी गिटार असेल आणि तिला खरोखर नट असेल तर एवढंच करा: आधी तारा सैल, मग पाव फेरा, मग एक दिवस वाट. नट अडला तर जोर लावू नका. आत गज तुटला तर माझ्यासारखी इस्त्री काढावी लागेल. आणि वापरात नसलेल्या गिटारीच्या तारा उतरवून नाही तरी सैल करून ठेवा.

नातीनं पुण्याला जायच्या आदल्या दिवशी अंगणात वाजवली. आधी उभी धरून, तिची नवी गाणी. मोठी आई दारात खुर्चीवर. तिला ते आवडलं नाही असं नाही, पण ती वाट पाहत होती हे दिसत होतं. शेवटी म्हणाली, "हे झालं. आता मांडीवर घे." नातीला हवाइयन येत नाही. मी पितळेचं टोपण बसवून दिलं, सगळ्या तारा एका कॉर्डमध्ये लावायच्या कशा ते तिनं मोबाइलवर शोधलं, आणि बाबांनी काढलेली कांडी तिच्या हातात दिली. पहिले दहा-पंधरा मिनिटं मांजर ओरडल्यासारखं. मग एक सूर लांब ओढला गेला, खालून वर, न तुटता. मोठी आई उठून आत गेली आणि चहा ठेवला.

गिटार सध्या भरवेलीतच आहे. पावसाळ्यात लाकूड फुगलं, एकदा पाव फेरा ढिला केला, दिवाळीनंतर परत कसला. टोपण काढायचं की ठेवायचं, हे वाजवणाऱ्यावर.

आता एक काम ग्रुपकडे. १९७० ते ७५ च्या दरम्यानच्या विश्वकर्मा पूजेचा एक फोटो मी लहानपणी पाहिला होता, वर्कशॉपच्या दाराशी काढलेला. त्यात मोठेबाबा गिटार मांडीवर घेऊन बसलेत आणि शेजारी आणखी एक जण गिटार घेऊन आहे. हा दुसरा कोण, हे आमच्या घरात आता कोणालाच आठवत नाही, मोठ्या आईलाही नाही. तुमच्याकडे जुन्या अल्बममध्ये तो फोटो असेल तर टाका. आणि ती दुसरी गिटार अजून कोणाच्या कपाटावर असेल तर कळवा, इस्त्री घेऊन येतो.